ही पण चालेल

हातखंबा, २८ जुलै १९८६

आज एका नव्या कंपनीचा माणूस दुकानात आला. गोव्याच्या गाडीतून उतरून भिजत भिजत आला आणि "मॅडम" म्हणाला. मॅडम कोण ते बघायला मी मागे वळले. आप्पा हसले.

त्याने काउंटरवर गुलाबी गोळ्यांची पट्टी ठेवली. ब्लडप्रेशरची गोळी. मागचं बारीक अक्षर वाचलं: अटेनोलॉल, शंभर मिलिग्रॅम. आपण पांढरी गोळी विकतो तिच्यात हेच औषध, एवढ्याच मात्रेचं. नाव निराळं, रंग निराळा, कंपनी निराळी आणि किंमत जेमतेम तिसरा हिस्सा.

तो गेल्यावर आप्पा म्हणाले, "नाव वेगळं, रंग वेगळा, किंमत वेगळी. मग सारखं काय राहिलं?"

"औषध," मी म्हटलं.

"हां. ते तेवढं दिसत नाही."

आप्पांनी सगळी उमर रत्नागिरीत एका डॉक्टरांकडे कंपाउंडर म्हणून काढली. मिक्श्चर त्यांनी कालवायचं, बाटलीवर मात्रेचा कागद त्यांनीच चिकटवायचा. शाळेत नाव घालायच्या आधी मी अक्षरं शिकले ती वडिलांच्या त्या कागदांवर. मी वाचलेलं पहिलं वाक्य "बाटली हलवून घेणे". कोल्हापूरचा डिप्लोमा त्यानंतरचा. आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, म्हणून तीन रस्त्यांच्या तिठ्यावरचं हे दुकान माझ्या लायसनवर चालतं. अजून वर्षही झालं नाही.

आप्पांचा एक नियम आहे. गिऱ्हाइकाला जे सांगितलं ते संध्याकाळी जसंच्या तसं आठवून बघायचं. मी लिहूनच ठेवते. लिहिलं नाही तर मला जेवण जात नाही.

३१ जुलै

पालीला जाऊन डॉक्टर आंब्र्यांना भेटले. गुलाबी पट्टी दाखवली. ते म्हणाले, औषध तेच आहे, बेधडक दे. इथून पुढे ते चिठ्ठीवर कंपनीचं नाव न लिहिता औषधाचंच नाव लिहिणार आहेत, म्हणजे ज्याला जी परवडेल ती त्याने घ्यावी. "महागाची म्हणून लोक एक दिवसाआड खातात, नाहीतर पाव पाव करून खातात. तू फक्त नीट समजावून सांग."

येताना गाडीत मनातल्या मनात समजावून बघत होते. "ह्याच्यातलं औषध आणि त्याच्यातलं औषध..." शेजारच्या बाईने मला विचारलं, काय गो, काय म्हणतेस.

२ ऑगस्ट

पहिलं गिऱ्हाईक भागोजीकाका. चिऱ्याच्या खाणीवर काम करतो, पावसाळ्यात खाण बंद म्हणून घरी असतो. गेल्या महिन्यात त्याने पांढरी गोळी घेतलीच नव्हती. विचारलं तर म्हणाला, पाऊस असला की मला पिरेशर नसतो.

गुलाबी पट्टी हातात घेऊन त्याने उलटीसुलटी केली. "लग्नातली हाय काय गो ही?"

मी त्याला सांगितलं, औषध जुनंच आहे, कंपनी नवी. रोज सकाळी एक. पावसातसुद्धा.

९ ऑगस्ट

खानू गावच्या सोनूकाकी आल्या होत्या. त्यांचा मुलगा काशीराम मुंबईला गोदीत आहे. तो येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर आईसाठी पांढऱ्या गोळ्या पाठवतो. कधी येतात, कधी उशीर होतो. काकींनी पदराची गाठ सोडून अर्धी पट्टी काढली आणि म्हणाल्या, ही दे. डॉक्टर आंब्र्यांच्या नव्या चिठ्ठीवर औषधाचंच नाव होतं.

आमचं बोलणं जसं झालं तसं लिहिते.

मी म्हटलं, "काकी, ती महाग पडते. ही पण चालेल." आणि गुलाबी पुढे केली.

"ही पन?"

"हो, ही पण."

"दोनीत काय भांडान नाय ना?"

"काही नाही. दोन्ही एकच."

"मंग बरा झाला."

रोज सकाळी एक, उपाशीपोटी नको, हेही सांगितलं. त्यांनी मला म्हणून दाखवलं. मग दीड महिन्याच्या गुलाबी पट्ट्या आणि उरलेली पांढरी दोन्ही एकत्र पदरात बांधल्या, माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, म्हातारीच्या जिवाची इतकी काळजी कोण करतो.

आज जेवण चांगलं गेलं. नीट समजावता आलं.

१९ ऑगस्ट

सोनूकाकी पुन्हा आल्या. त्यांच्या गोळ्या अजून शिल्लक आहेत, तरी वाटेत उतरल्या. म्हणाल्या, भाताच्या बेणणीला, तण काढायला वाकले की डोळ्यांपुढे अंधारी येते. हात पुढे केला. शेतातून आलेला हात, पण माशासारखा गार. "तुज्या गोळीनं अंगातली गरमी घालवलीन बघ."

तुज्या गोळीनं, असं म्हणाल्या.

मी त्यांना पालीला डॉक्टरांकडे जायला सांगितलं. त्या म्हणाल्या, गणपती झाल्यावर. घर सारवायचं आहे, तांदूळ दळायचे आहेत, काशीराम सगळ्यांना घेऊन येणार आहे. मी हट्ट धरायला हवा होता. दुकानात दोघं तिघं उभे होते म्हणून धरला नाही. हे खरं कारण आहे, म्हणून लिहिते.

२१ ऑगस्ट

दोन पेल्यांत पाणी घेतलं. एकात पांढरी टाकली, एकात गुलाबी. पांढरी लवकर विरघळली. गुलाबीचा खडा बराच वेळ तळाशी राहिला.

आप्पांनी विचारलं, काय चाललंय. मी सांगितलं. ते म्हणाले, "पोटात काय पेला असतो?"

पण मला चैन पडेना. मग लक्षात आलं की गोळी उशिरा विरघळत असेल तर ती कमी लागू पडायला हवी, आणि काकींना तर जास्त लागू पडल्यासारखं झालंय. म्हणजे माझा संशय एका बाजूने धरला तर दुसऱ्या बाजूने सुटतो. तरी संशय जात नाही. दोन्ही पेल्यांतलं पाणी माडाच्या मुळाशी ओतलं आणि मग माडाची काळजी लागली.

२६ ऑगस्ट

भागोजीकाका आला. त्याला खोदून खोदून विचारलं. हात गार पडतात का, अंधारी येते का, चढण चढताना काय होतं. म्हणाला, काही नाही, उलट डोकं हलकं आहे, तुळसा म्हणते आताशा रागावतही नाहीस.

त्याला बरं आहे. पण त्याच्या सांगण्यावर कितपत विसंबायचं? चिरे तासणारा गडी, गार हाताची तक्रार करणार नाही. मला काकींचाच हात आठवत राहतो.

कंपनीच्या माणसाला विचारलं तर म्हणाला, मॅडम, सगळ्या कोल्हापुरात खपतेय. खपण्याचं मी विचारलंच नव्हतं.

३ सप्टेंबर

गाड्या भरभरून चाकरमानी उतरतायत. तिठ्यावर पाय ठेवायला जागा नाही. दुकानात डोकेदुखीच्या आणि उलटीच्या गोळ्या चाललेल्या. आप्पा बाहेर खुर्ची टाकून आवाजावरून माणसं ओळखतायत.

सोनूकाकींचा काशीराम उतरला. बायको मैना, दोन मुलं, ट्रंक. मला बघून दुकानात आला. त्याने खिशातून पांढऱ्या गोळ्यांच्या पट्ट्या काढून दाखवल्या, आईसाठी बऱ्याच आणल्यात म्हणाला. मग हसत हसत: "तुम्ही तिला स्वस्तातली देता असं ऐकलं. आमच्या मुंबईत स्वस्तातली म्हणजे फुटपाथवरची."

मी म्हटलं, औषध एकच आहे. तो म्हणाला, "एकच असतं तर लोक महागाची घेतील कशाला?"

याला काय उत्तर द्यायचं ते घरी आल्यावर सुचलं. आता लिहून उपयोग नाही.

७ सप्टेंबर

गणपती बसले. आप्पांनी पूजा सांगितली, मी केली. आरतीत सुद्धा माझं लक्ष गोळ्यांकडे. काकी आता मुलाच्या पांढऱ्या गोळ्या घेतील, म्हणजे गुलाबी सुटेल, म्हणजे काही भ्यायचं कारण उरत नाही. असं तीन तीनदा स्वतःला सांगितलं. देवासमोर एवढंच मागितलं की तिला काही होऊ देऊ नको, आणि लगेच वाटलं की हे मी तिच्यासाठी मागत नाही, माझ्यासाठी मागते.

१२ सप्टेंबर

सोनूकाकी पडल्या.

गौरी-गणपती पऱ्याच्या पाण्यात बोळवून बायका परत येत होत्या. चढणीवर काकी खाली बसल्या, मग आडव्या झाल्या. मैनेने हाका मारल्या तर ओ देईनात. पोरांनी खुर्चीवर बसवून रस्त्यावर आणलं, एक टेम्पो मिळाला. तिठ्यावरून तो रत्नागिरीकडे वळला तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर होते. काशीराम मागे आईचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. त्याने मला बघितलं.

१३ सप्टेंबर

वाचल्या आहेत. सिव्हिलमध्ये ठेवलंय. नाडी फार मंद होती, सुईनंतर जरा वर आली. ही बातमी चहाच्या टपरीवरून आली आणि तिच्याबरोबर दुसरीही आली: नागवेकराच्या पोरीने दिलेल्या गुलाबी गोळीने म्हातारी पाडली.

काशीराम दुपारी कपडे न्यायला आला तेव्हा टपरीवर उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "त्या पोरीला बोलू नका. तिला काय माहीत? गोळीच खोटी." त्याने मला सांभाळून घेतलं. मला बरं वाटलं. बरं वाटलं याची लाज वाटली.

गुलाबी गोळ्या मांडणीवरून काढल्या, खोक्यात बांधल्या. भागोजीकाका तेवढ्यात आला होता, त्याची पट्टी संपत आली होती. मी म्हटलं, "काका, ही घेऊ नकोस आता. थांबव."

"मंग कंची खाऊ?"

"पांढरी."

त्याने पांढरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, बघू. आणि काही न घेता गेला.

आप्पा खुर्चीतून म्हणाले, "आंब्र्यांना विचारलंस?" मी म्हटलं, विचारायला वेळ कुठे होता, माणसं मरायची वाट बघू काय. वडिलांशी मी असं कधी बोलत नाही.

१४ सप्टेंबर

दुकानात आज कोणी रक्तदाबाचं नाव काढलं नाही. एका बाईने खोकल्याचं औषध घेतलं आणि बाटली उजेडात धरून रंग बघितला.

सिव्हिलला जायचं की नाही हे ठरत नाही. गेले तर कबुली दिल्यासारखं दिसेल. नाही गेले तर लपल्यासारखं. आप्पा म्हणतात, कसं दिसेल ते सोड, तुला म्हातारीला बघायचंय का? बघायचंय.

१५ सप्टेंबर

गेले. आज जे घडलं ते सगळं लिहिते.

सोनूकाकी उशीला टेकून बसल्या होत्या. मला बघून त्यांनी पाय आखडून खाटेवर जागा केली. मैना स्टुलावर. काशीराम चहा आणायला गेला होता. मी काय बोलणार होते ते विसरले. काकींनीच माझा हात धरला. त्यांचा हात आज ऊबदार होता.

म्हणाल्या, "रडतंस कशाला? माजाच पाय सरकला." मग माझ्याकडे बोट करून मैनेला म्हणाल्या, राहीबायला ते दाखव, डाक्टर मागत होता ते. मैनेने पिशवीतून फडक्याची पुरचुंडी काढली. सोडली. पांढरी पट्टी आणि गुलाबी पट्टी. दोन्ही खाल्लेल्या. दोन्ही सारख्याच खाल्लेल्या.

मी विचारलं, "काकी, पांढरी संपल्यावर गुलाबी सुरू केलीत ना?"

"नाय गो. संपल्यावर कशाला? तूच सांगलंस ना, ही पन चालंल. मंग सकाळी काशीची एक आनी तिच्यावर तुजी ही पन एक."

"रोज?"

"रोज. काशीनं मधी आनखी धाडलेल्या. एक दीस चुकवलेला नाय."

त्यांना वाटलं मी शाबासकी देईन.

मी म्हटलं होतं, ही पण चालेल. ही घेतली तरी भागेल, असं माझ्या मनात. त्यांनी ऐकलं, हीसुद्धा घे. "दोन्ही एकच" म्हटलं होतं. त्यांनी ऐकलं, दोन्ही एकत्र. घरी येऊन ९ ऑगस्टचं पान काढून बघितलं. एकही शब्द खोटा नाही. आणि त्यांनी ऐकलं त्यातही काही चूक नाही.

गोळी खोटी नव्हती. गोळी खरी होती, आणि ती दुप्पट गेली. जितकी खरी तितकीच नाडी मंद झाली.

वॉर्डातल्या डॉक्टरांना दोन्ही पट्ट्या दाखवल्या आणि सांगितलं. त्यांनी दोन्ही उलटून मागचं बारीक अक्षर वाचलं. मग म्हणाले, बरं झालं आलात, आम्ही हृदयात दुसरं काही शोधत होतो. आता पुन्हा सुरू करायची ती कमी मात्रेने आणि एकच. "आणि हे औषध एकाएकी तोडूही नये, ते तुम्हाला माहीतच असेल."

मला माहीत होतं. कोल्हापूरला परीक्षेत लिहिलं होतं. एकाएकी बंद केलं तर दाब उसळतो. आणि दोन दिवसांपूर्वी भागोजीकाकाला मी तिठ्यावर उभं राहून म्हटलं, थांबव.

जिन्यात काशीराम भेटला, दोन्ही हातांत चहाचे ग्लास. त्याला तिथेच सांगितलं. गोळी नाही, माझं सांगणं चुकलं. पांढरी आणि गुलाबी एकच औषध, काकींनी दोन्ही घेतल्या.

तो ग्लास धरून उभा राहिला. मग हळू म्हणाला, "म्हंजे मी आणलेली पण त्यात आली."

मी म्हटलं, तुमची काही चूक नाही.

"चुकीचं कोण बोलतोय? ती गावभर सांगते, काशीच्या गोळीवर जगते मी. आता तिला काय सांगू, त्याच गोळीनं पडलीस?" चहा त्याच्या बोटांवर सांडत होता. "राहीबाई, ऐका माझं. ती गुलाबीच खोटी होती असं राहू द्या. कंपनी कुठली कोण, तिचं काय जातंय? तुमचं दुकान राहील, माझ्या आईचं मन राहील."

सबंध परतीच्या गाडीत मला हे बोलणं पटत होतं. खरंच पटत होतं. कुणाचं काय जातंय? काकींना आता एकच गोळी मिळेल. लोक मला बिचारी म्हणतील. खोकं परत पाठवायचं, संपलं. कुवारबाव मागे पडलं तरी पटत होतं. मग तिठा आला आणि चिऱ्यांनी भरलेला ट्रक वळताना दिसला. कुठल्या तरी खाणीचं काम सुरू झालं असावं.

भागोजीकाकाचं जातंय. पांढरी त्याला परवडत नाही. तो कुठलीच खात नसणार.

अंधार पडला होता, त्याची वाडी लांब. आज गेले नाही. आप्पांना सांगितलं सगळं. त्यांनी चाचपत माझं ताट पुढे सरकवलं. मग म्हणाले, "उजाडलं की जा."

१६ सप्टेंबर

उजाडलं आणि निघाले. दुकान बंदच ठेवलं. वाडीकडे उतरणारी घाटी निसरडी, चपला हातात घेतल्या. सगळी वाट मनात एकच: दार उघडलं की तुळसाकाकू रडत असेल.

तुळसाकाकू तांदूळ पाखडत होती. भागोजीकाका शिडीवर चढून पडवीची कौलं परतत होता.

मी त्याला खाली उतर म्हटलं. तो म्हणाला, एवढी ओळ झाली की उतरतो. मी पुन्हा म्हटलं. बहुतेक ओरडून म्हटलं, कारण तुळसाकाकूने सूप खाली ठेवलं. तो उतरला. डोळे लाल. दोन दिवस डोकं ठणकतंय, ऊन बाधलं असेल म्हणाला. ऊन कुठे होतं दोन दिवस?

"गोळी कधीपासून नाही घेतलीस?"

"तू सांगलंस तवापासना."

मी गुलाबी पट्टी काढून पुढे केली. घे म्हटलं. आज एक घे आणि माझ्याबरोबर पालीला चल, डॉक्टर दाब बघतील.

त्याने पट्टी घेतली नाही. पायरीवर बसला. "परवा थांबव म्हनालंस. आज घे म्हनतंस."

"परवा मी चुकले, काका." मग सगळं सांगितलं. सोनूकाकींचं, पांढरीचं, गुलाबीचं, मी काय बोलले आणि त्यांनी काय ऐकलं. तुळसाकाकू "अगो बाय" म्हणून तोंडाला पदर लावून ऐकत होती.

भागोजीकाकाने सगळं ऐकून घेतलं. "परवा चुकलंस, ता समाजला. मंग आज बरोबर हायस कशावरनं?"

त्यात कुचकेपणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी पुस्तकातलं सांगू लागले आणि मध्येच थांबले, कारण परवाही मला सगळं तितकंच खात्रीचं वाटलं होतं.

मी म्हटलं, "डॉक्टरांना विचारू. मी सांगते म्हणून घेऊ नकोस."

"डाक्टर आज तालुक्याला असतो, मंगळवार हाय. पाली उद्या." त्याने पट्टीतून एक गोळी काढून तळहातावर ठेवली. "बस हितं. मी खातंय. काय झाला तर तू हायस समोर."

त्याने गोळी खाल्ली आणि तांब्याने पाणी प्याला. मी समोर बसले. तुळसाकाकूने गुळाचा चहा दिला. शिडीवर चढायला मी त्याला बंदी केली, तर म्हणाला, मग काय दिसभर तुझं तोंड बघू? एक मोडकी पाटी घेऊन विणत बसला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो दोन वेळा वर बघून म्हणाला, अजून जिता हाय. वर हायवेवरून गाड्या जात होत्या. दुकान बंद बघून लोक काय म्हणत असतील, आप्पा एकटे आहेत, हे सगळं मनात येत होतं, तरी उठवत नव्हतं.

सावली अंगणात आली तेव्हा मी विचारलं, निघू का?

"बस अजून," तो म्हणाला.

१७ सप्टेंबर

भागोजीकाका खरंच पालीला आला. दाब चांगलाच वर होता. आंब्र्यांनी गुलाबीच चालू ठेवायला सांगितली आणि मला बाहेर बोलावून बोलले. जे बोलले ते मला लागू होतं. चिठ्ठीवर आता ते औषधाच्या नावाखाली "फक्त एक, दुसरी कोणती असेल ती बंद" असं लिहिणार आहेत. म्हणाले, मीही तुला नीट समजाव म्हटलं, कसं ते सांगितलं नाही.

परत आले तर समजलं की आप्पा सकाळी काठी टेकत टपरीवर गेले होते. तिथे सांगितलं, गोळी बरी आहे, सांगण्यात चूक झाली, चूक आमची. आमची म्हणाले. मी त्यांना विचारलं, तुमची कशी? ते म्हणाले, "दुकान बंद होतं. कोणीतरी सांगायला हवं होतं."

टपरीवर कोणी काय म्हणालं ते मात्र सांगत नाहीत.

२० सप्टेंबर

काकी घरी आल्या. काशीराम मुंबईला जायच्या आधी दुकानावरून गेला, आत आला नाही. मैना आली. म्हणाली, सासूबाईंना त्यांनी स्वतःच सांगितलं, रात्रभर तळमळत होते. काकी काय म्हणाल्या, मी विचारलं. मैना म्हणाली, "त्या बोलल्या, दोन दोन मानसांनी काळजी केली तर असाच व्हायचा."

खोकं सोडून गुलाबी गोळ्या परत मांडणीवर लावल्या आहेत. गिऱ्हाईक कमीच. एक गृहस्थ समोरून चालत रत्नागिरीला जाणाऱ्या गाडीत बसले, हातात आंब्र्यांचीच चिठ्ठी होती असं वाटलं. ते खरंही नसेल.

२९ सप्टेंबर

भागोजीकाका एका पाहुण्याला घेऊन आला. तुळसाकाकूचा भाऊ, देवरुखकडचा. त्यालाही दाब निघालाय, चिठ्ठी आहे. मी गुलाबी पट्टी काढली तर भागोजीकाकाने हात मध्ये घातला.

"पयली तुजी चूक सांग ह्याला. मंग गोळी दे."

दुकानात आणखी दोन बायका होत्या. आप्पा खुर्चीत. मी सांगितली. काय म्हटलं, काय ऐकलं गेलं, कोण पडलं, आणि मग भीतीने मी ह्या भागोजीकाकालाच गोळी कशी तोडायला लावली. शेवटपर्यंत सांगितलं. पाहुण्याने कान देऊन ऐकलं. "मंग एकच," तो म्हणाला. "एकच," मी म्हटलं. घरात आधीची कुठली गोळी आहे का, मुंबईहून कोणी पाठवतं का, दुसऱ्या डॉक्टरांची काही आहे का, विचारलं. नाही म्हणाला. पुन्हा विचारलं. नाही.

ते दोघे गाडीकडे गेले. पुढच्या बाईला बामची डबी देता देता मला वाटलं, घरात आधीची गोळी आहे का हे आपण विचारलंच नाही. डबी तिच्या हातात तशीच टाकली आणि अनवाणी धावले. देवरुखची गाडी सुटत होती. खिडकीपाशी जाऊन विचारलं. भागोजीकाका खाली उभा होता, त्याने कपाळाला हात लावला. पाहुणा खिडकीतून वाकून हळू, लहान मुलीला सांगावं तसं म्हणाला, "नाय बाय. कंचीच नाय. दोनदा सांगलेला हाय तुला."

गाडी वळेपर्यंत मी उभी होते.